शिरोलीतलं लिनक्स मशीन घरून चालवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं डिझाइन ऑफिस आहे. तिथं उबुंटू २४.०४ चं तगडं मशीन आहे. त्यावर ओपनफोममध्ये मोल्ड भरण्याचं सिम्युलेशन चालतं आणि पॅराव्ह्यूमध्ये निकाल बघितले जातात. विचारणाऱ्यांचं घर कळंब्याला, घरी विंडोज ११ चा लॅपटॉप. मशीनवर एक्सआरडीपी टाकलंय, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून (आरडीपीनं) लिनक्सचा डेस्कटॉप उघडू देणारा प्रोग्रॅम. ऑफिसच्या वायफायवरून जोडलं तर कधी डेस्कटॉप येतो, कधी नुसती काळी स्क्रीन. घरून तर काहीच जोडत नाही. एक मित्र म्हणतो राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे आरडीपीचं बाहेरून आत यायचं दार, उघडा, दुसरा म्हणतो एनीडेस्क हे स्क्रीन लांबून दाखवणारं ॲप टाका आणि मोकळे व्हा. नक्की काय करायचं?

आधी एवढंच: पोर्ट उघडू नका. कारण पुढं येईलच.

तुमच्या तक्रारीत दोन वेगळी दुखणी एकत्र झालीत. काळी स्क्रीन हे सेशनचं, म्हणजे लॉगइन केल्यावर चालू होणाऱ्या डेस्कटॉपचं, दुखणं आहे. घरून न जोडणं हे रस्त्याचं दुखणं आहे. एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि दोन्हींवर एकदम हात घातला की काय केल्यानं काय झालं तेच कळत नाही. ऑफिसातच बसून, त्याच नेटवर्कवर, काळी स्क्रीन पूर्ण घालवा. ती गेल्याशिवाय घरच्या रस्त्याला हात लावू नका.

'लिनक्सचा डेस्कटॉप लांबून वापरायचा' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या मागण्या आहेत. पहिली, तिकडच्या एकाच प्रोग्रॅमची खिडकी इकडे हवी. दुसरी, तिकडच्या मशीनवर माझ्यापुरता नवा, स्वतंत्र डेस्कटॉप हवा, तिथल्या मॉनिटरवर काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नको. तिसरी, तिथल्या मॉनिटरवर आत्ता जे उघडं आहे तेच जसंच्या तसं इकडे दिसायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींत माणसाला हवी असते तिसरी गोष्ट आणि त्यानं बसवलेली असते दुसरी. तुमचंही तेच झालंय, पण घरून काम करायला दुसरीच उपयोगाची.

पहिल्या मागणीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती तुमच्या कामाची नाही. पण का नाही ते कळलेलं बरं. एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, १९८७ पासून चालत आली. प्रोग्रॅम एका मशीनवर आणि त्याची खिडकी दुसऱ्या मशीनवर, ही सोय तिच्यात पहिल्यापासूनच आहे. एसएसएचला (लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायच्या साधनाला) कॅपिटल एक्सचा पर्याय देऊन जोडायचं, तिकडे प्रोग्रॅम चालू करायचा, खिडकी इकडे येते. विंडोजवर त्यासाठी व्हीसीएक्ससर्व्ह किंवा मोबाएक्सटर्म लागतं. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) असेल तर तेही लागत नाही. ऑफिसच्या केबलवर हे छान चालतं. घरून मात्र रडत चालतं, आणि दोष नेटच्या स्पीडचा नसतो. एक्सचे प्रोग्रॅम प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. वाण्याला फोन करून आधी 'साखर आहे का' विचारायचं, फोन ठेवायचा, मग पुन्हा फोन लावून 'केवढ्याला' विचारायचं, असला प्रकार. एखादी खिडकी उघडायला अशा २०० फेऱ्या होतात असं धरा. ऑफिसात एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे सगळं मिळून दशांश सेकंद. मोबाइल नेटवर एक फेरी ६० मिलिसेकंदांची, म्हणजे बारा सेकंद. वर कनेक्शन तुटलं की प्रोग्रॅमही मरतो. हे मरणं टाळायला एक्सप्रा नावाचं चांगलं साधन आहे. एखाद्याच खिडकीचं काम असेल तर ते बघा.

आता काळी स्क्रीन. तुम्ही सकाळी ऑफिसात जाऊन त्या मशीनवर स्वतःच्या नावानं लॉगइन करता. संध्याकाळी स्क्रीन लॉक करता आणि गाडी काढता. लॉक केलं म्हणजे लॉगआउट झालं नाही; तुमचं ग्नोमचं, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं, सेशन आत जिवंत आहे. मग त्याच नावानं एक्सआरडीपीमधून आत येता. एक्सआरडीपी तुम्हाला ते जुनं सेशन दाखवत नाही, नवं उघडायला जातं. एकाच युजरची दोन ग्नोम सेशन एका मशीनवर एकदम नांदत नाहीत. दोघांना मागची तीच सेवा लागते आणि ती पहिल्यानं धरून ठेवलेली असते. दुसरं सेशन सुरू होता होता मरतं किंवा लटकतं, तुम्हाला काळं दिसतं. ज्या दिवशी तुम्ही खरंच लॉगआउट करून उठला होतात, किंवा मशीन नुकतंच रीस्टार्ट झालं होतं, त्या दिवशी डेस्कटॉप आला. 'कधी येतो, कधी येत नाही' याचं कोडं एवढंच आहे.

उपाय दोन आहेत. मी तुमच्या जागी असतो तर पहिला धरला असता.

एक्सआरडीपीच्या सेशनला ग्नोम देऊच नका, एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप द्या. एक्सएफसीई हलकं आहे, लांबून वापरताना त्याच्या खिडक्या कमी डेटा खातात, आणि त्याला ग्राफिक्स कार्डाची फारशी मिजास नाही. एक्सएफसीई बसवा, मग होम फोल्डरमध्ये डॉट-एक्ससेशन नावाची फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: एक्सएफसीई४-सेशन. नावाच्या सुरुवातीचा टिंब विसरू नका. एक्सआरडीपीला त्याचं सर्टिफिकेट वाचता यावं म्हणून एक्सआरडीपी या युजरला एसएसएल-सर्ट ग्रुपमध्ये टाका. हे राहिलं तर लॉगमध्ये सर्टिफिकेट वाचता येत नसल्याची तक्रार दिसते. मग सर्व्हिस रीस्टार्ट करा. आणि तरीही, घरी जाताना ऑफिसच्या मॉनिटरवरून लॉगआउट करायची सवय लावा. डेस्कटॉप वेगवेगळे असले तरी एकाच युजरचा ब्राउझर दोन ठिकाणी उघडत नाही, प्रोफाइल आधीच वापरात आहे म्हणून अडतो.

पहिल्यांदा आत गेलात की कदाचित एक खिडकी पासवर्ड मागेल, 'कलर मॅनेज्ड डिव्हाइस' बनवायची परवानगी म्हणून. घाबरू नका, व्हायरस नाही. लांबून आलेल्या सेशनला मॉनिटरच्या रंगांची सेटिंग बदलायचा हक्क आपोआप मिळत नाही म्हणून ती विचारते. रद्द करा, काम अडत नाही. रोज नको असेल तर पोलकिटमध्ये (कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या सेवेत) त्यापुरता नियम लिहिता येतो.

दुसरा उपाय उबुंटू २४.०४ मध्येच आहे. त्यातलं ग्नोम ४६ आहे, आणि त्या आवृत्तीपासून ग्नोमच्या सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉपखाली दोन गोष्टी दिसतात: डेस्कटॉप शेअरिंग आणि रिमोट लॉगइन. शेअरिंग म्हणजे वर सांगितलेली तिसरी मागणी, समोर जे उघडं आहे तेच दाखवणं. त्यासाठी मशीनवर कुणीतरी लॉगइन असावं लागतं आणि स्क्रीन लॉक झाली की तेही थांबतं. त्यामुळे घरून काम करायला ते उपयोगाचं नाही. एखाद्याला शेजारी बसल्यासारखी मदत करायला उत्तम. रिमोट लॉगइन मात्र थेट लॉगइनच्या पडद्यापर्यंत नेतं. ग्नोमच हवं असेल तर हे वापरा, पण मग एक्सआरडीपी काढून टाका. दोघांनाही ३३८९ हवा असतो आणि मग कोण उत्तर देतंय ते कळत नाही.

व्हीएनसीचं, म्हणजे डेस्कटॉप लांबून दाखवायच्या आणखी एका पद्धतीचं, नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. ते केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेतून आलं, जुनं आणि भरवशाचं आहे. ५९०० या पोर्टात डिस्प्लेचा नंबर मिळवायचा की त्याचा पोर्ट मिळतो: डिस्प्ले एक म्हणजे ५९०१. पण जुन्या पद्धतीत त्याचा पासवर्ड फक्त पहिल्या आठ अक्षरांपर्यंतच बघितला जातो, आणि पुढची देवाणघेवाण उघडी असते. एसएसएचच्या बोगद्यातूनच (त्याच्या कुलूपबंद जोडणीतूनच) वापरायचं, एरवी नाही. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज असल्यानं आरडीपीचा क्लायंट आधीच बसवलेला आहे. व्हीएनसीच्या वाटेला जायचं कारण मला दिसत नाही. एक्सटूगोही चांगलं आहे, एसएसएचवरूनच जातं, सेशन थांबवून पुन्हा धरता येतं, पण विंडोजवर क्लायंट वेगळा टाकावा लागतो आणि नव्या ग्नोमशी त्याचं जमत नाही.

काळी स्क्रीन गेली, ऑफिसातून ओळीनं आठवडाभर नीट जोडलं, की मग घरचा रस्ता.

घरून का जोडत नाही? ऑफिसातल्या मशीनचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असणार. तो पत्ता ऑफिसच्या आत चालतो, बाहेर त्याला कुणी ओळखत नाही. बाहेरचा पत्ता राउटरकडे असतो, आणि इथंच गोम आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा, आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: इंटरनेट कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. तसं असेल तर मित्राच्या सांगण्यावरून राउटरवर पोर्ट उघडूनही काही होणार नाही, कारण बाहेरून येणारा माणूस कंपनीच्या दारातच अडतो. मोबाइल नेटवर आणि बऱ्याच घरगुती फायबरवर हीच स्थिती आहे.

आणि पत्ता खरा असेल तर पोर्ट उघडणं जास्तच वाईट. ३३८९ कुठं उघडा आहे हे शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. सापडला की पासवर्डांची यादी लावून बसतात. तुमच्या मशीनवर गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आहेत, पॅटर्नची मॉडेल आहेत. ती चोरीला जाणं किंवा कुलूपबंद होणं परवडणारं नाही. पोर्टचा नंबर बदलून ३३८९ च्या जागी भलताच दिला म्हणजे सुरक्षित झालं, असं समजणारेही भेटतात. शोधणारे सगळे नंबर शोधतात.

योग्य रस्ता म्हणजे व्हीपीएन, इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट. ऑफिसला स्थिर सार्वजनिक पत्ता असेल, आणि लीज्ड लाइन घेतलेल्या कारखान्यांत तो बहुधा असतो, तर वायरगार्ड हे व्हीपीएन लावा. ते २०२० मध्ये आलेल्या ५.६ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, सेटिंगची फाइल दहा-बारा ओळींची, नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०. मग तोही पोर्ट उघडाच की, असं तुम्ही म्हणाल. फरक असा, की वायरगार्ड ओळखीची चावी नसलेल्या माणसाला 'नाही' असंही उत्तर देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही.

सीजीनॅट असेल तर टेलस्केल. ते आतून वायरगार्डच वापरतं, पण दोन्ही मशीनं आतून बाहेर हात पुढं करतात आणि मध्ये गाठ पडते, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. दोन्हीकडे टाकलं, एकाच खात्यानं जोडलं, की ऑफिसच्या मशीनला १०० नं सुरू होणारा एक पत्ता मिळतो. लॅपटॉपच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये तोच पत्ता टाकायचा. त्याची एक खोड आधीच सांगून ठेवतो: प्रत्येक मशीनची चावी नेहमीच्या सेटिंगमध्ये १८० दिवसांनी संपते. सगळं सहा महिने सुरळीत चालतं, मग एके दिवशी मशीन गायब. ऑफिसच्या मशीनपुरती ही मुदत त्यांच्या पानावर जाऊन बंद करा, लॅपटॉपची राहू द्या. दुसरं, जोडणी थेट आहे की त्यांच्या मधल्या सर्व्हरमार्फत आहे ते टेलस्केलचीच पिंग कमांड सांगते. मधून जात असेल तर हळू चालणारच. मग एक्सएफसीईच्या सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही.

एनीडेस्कबद्दल. घरच्यांचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला मीही असली साधनं वापरतो. पण ती तिसऱ्या मागणीची आहेत, समोरची स्क्रीन दाखवतात. उबुंटूच्या वेलँडवर (एक्सच्या जागी येत असलेल्या नव्या यंत्रणेवर) लॉगइनच्या पडद्याशी अडखळतात. आणि फुकटची परवानगी खासगी वापरापुरती असते, कारखान्याच्या कामाला नाही. टेलस्केललाही तोच नियम, कंपनीसाठी त्यांचे पैशाचे प्लॅन आहेत. वायरगार्ड पूर्ण मोकळं आहे. यातलं काहीही टाकण्याआधी मालकांना विचारा. गिऱ्हाइकाशी गोपनीयतेचा करार झालेला असेल तर ड्रॉइंगवर कुठून कुठून काम होतं हा प्रश्न त्यांना उद्या विचारला जाऊ शकतो, आणि त्याचं उत्तर त्यांना तुमच्याकडून आधी कळलेलं असावं.

व्हीपीएन झालं की मशीनच्या फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त व्हीपीएनच्या इंटरफेसवरून येऊ द्या. एसएसएचही चालू ठेवा, चावीनं, पासवर्ड बंद करून. डेस्कटॉप कधीतरी लटकणारच. त्या रात्री एसएसएचनं आत जाऊन लटकलेलं सेशन मारता येतं, एक्सआरडीपी रीस्टार्ट करता येतं. एसएसएच नसेल तर रात्री अकराला वॉचमनला फोन करून 'ते काळं बटण दाबा' म्हणायची पाळी येते. विंडोज ११ मध्ये एसएसएचचा क्लायंट मुळातच असतो, वेगळं काही टाकायला नको.

आता तुमच्या खऱ्या कामाकडे, म्हणजे पॅराव्ह्यूकडे. इथं मला रिमोट डेस्कटॉपच्याच विरोधात बोलायचंय.

हिशेब करा. १९२० बाय १०८० ची एक स्क्रीन, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका चित्राचे साधारण ६२ लाख बाइट. सेकंदाला तीस चित्रं म्हटली तर दीड गिगाबिटच्या आसपास जातं. एवढं कुणाच्या घरी येत नाही, म्हणून आरडीपी फक्त बदललेला भाग पाठवतं आणि तोही दाबून. मेल, टर्मिनल, फाइल मॅनेजर यांत स्क्रीनचा थोडाच भाग बदलतो, म्हणून ते सुरेख चालतं. पॅराव्ह्यूमध्ये कास्टिंगचं मॉडेल माउसनं फिरवलंत की अख्खी खिडकी प्रत्येक क्षणी बदलते. तिथं कितीही दाबलं तरी दम लागतो. शिवाय यात ऑफिसचा अपलोड स्पीड मोजायचा, घरचा डाउनलोड नव्हे. प्लॅनवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

दुसरी अडचण याहून छुपी आहे. एक्सआरडीपीच्या सेशनमध्ये जीएलएक्सइन्फो ही कमांड कॅपिटल बीच्या पर्यायानं चालवा. रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप असं नाव दिसलं, तर मशीनमधलं महागडं ग्राफिक्स कार्ड गप्प बसलंय आणि सगळं थ्रीडी प्रोसेसर काढतोय. तोही कसला प्रोसेसर? ज्याच्यावर तुमचं सिम्युलेशन चालू आहे तोच. तुम्ही मॉडेल फिरवता आणि तिकडे रन मंदावतो. व्हर्च्युअलजीएल बसवलं तर कार्ड कामाला लागतं आणि तयार चित्र तेवढं रिमोट सेशनमध्ये येतं; पॅराव्ह्यू सुरू करताना त्याच्या कमांडच्या आधी व्हीजीएलरन लावायचं. करण्यासारखं आहे.

पण पॅराव्ह्यूला याहून चांगला रस्ता त्याच्या घरातच आहे. ऑफिसच्या मशीनवर पीव्हीसर्व्हर, म्हणजे पॅराव्ह्यूचाच सर्व्हरचा भाग, चालवा. घरच्या लॅपटॉपवर विंडोजचं पॅराव्ह्यू टाका. एसएसएचच्या बोगद्यातून ११११११ नव्हे, ११११ नव्हे, पाच वेळा एक, ११,१११ हा पोर्ट इकडे आणा आणि लॅपटॉपच्या पॅराव्ह्यूमधून त्याला जोडा. आता मेनू, बटणं, माउस सगळं तुमच्या लॅपटॉपवर, झटपट. मोठ्या फाइली तिकडेच वाचल्या जातात. मॉडेल लहान असेल तर त्याचा पृष्ठभाग इकडे येतो आणि लॅपटॉपचं स्वतःचं कार्ड तो फिरवतं. मोठं असेल तर तिकडे चित्र काढून पाठवलं जातं. कुठल्या आकाराला काय करायचं ती मर्यादा सेटिंगमध्ये आहे. दोन्हीकडची पॅराव्ह्यूची आवृत्ती मात्र एकच असली पाहिजे. उबुंटूच्या भांडारातली एक आणि विंडोजवर ताजी उतरवलेली दुसरी, असं असेल तर ती जोडणी नाकारते. दोन्हीकडे पॅराव्ह्यूच्या साइटवरून एकाच क्रमांकाची उतरवा.

ओपनफोमचा रन तर डेस्कटॉपमधल्या टर्मिनलमध्ये लावूच नका. एसएसएचनं जाऊन टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) लावा आणि टीमक्स सोडून बाहेर पडा. डेस्कटॉपचं सेशन गेलं तरी आठ तासांचा रन जाणार नाही. एक्सआरडीपीमध्ये खिडकी नुसती बंद केली तर सेशन नेहमीच्या सेटिंगप्रमाणे जिवंत राहतं, पुन्हा जोडलं की तेच येतं. एक अट आहे: जोडताना रंगांची खोली तीच ठेवा. काल ३२ बिट आणि आज नेट हळू म्हणून १६ बिट असं केलंत, तर एक्सआरडीपी तुम्हाला नवं सेशन देईल आणि कालच्या खिडक्या गेल्या असं वाटेल. त्या गेलेल्या नसतात, जुन्या सेशनमध्ये असतात. म्हणून १६ बिट ठरवा आणि कायम तेच ठेवा. एक्सएफसीईचं कंपोझिटिंग आणि वॉलपेपरही बंद करा. साधा राखाडी पडदा चालतो.

फाइली रिमोट डेस्कटॉपमधून ओढू नका. आरडीपीत लॅपटॉपची ड्राइव्ह जोडली की होम फोल्डरमध्ये थिनक्लायंट-ड्राइव्हज नावाचं फोल्डर उगवतं. जोडणी अर्धवट तुटली तर ते अडकून राहतं आणि रात्रीचा बॅकअप त्यावर येऊन थांबतो. जोडताना ड्राइव्हचा पर्याय काढून टाका. फाइलींना आरसिंक किंवा विनएससीपी आहे.

मराठी टायपिंगचं तुम्ही विचारलं नाहीत, पण रिपोर्ट मराठीत लिहायची वेळ आली की अडाल. आरडीपी अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली एवढंच पाठवतं. त्या कळेचं अक्षर काय करायचं ते तिकडचं मशीन ठरवतं. म्हणून विंडोजवर कीबोर्ड इंग्रजीतच ठेवा आणि मराठी इनस्क्रिप्ट तिकडे आयबसमध्ये (लिनक्सच्या कीबोर्ड निवडायच्या सोयीत) लावा. दोन्हीकडे मराठी लावलंत तर भलतंच काहीतरी उमटतं. व्हीएनसी याच्या उलट, ते अक्षरच पाठवतं. आणि जुन्या व्हीएनसीचं कॉपी-पेस्ट लॅटिन लिपीपुरतंच होतं, त्यामुळे इकडून 'रायझर' कॉपी केलं की तिकडे प्रश्नचिन्हांची रांग पडायची. नव्या टायगर-व्हीएनसीत हे सुधारलंय, पण दोन्ही टोकं नवी हवीत.

शेवटचं, जे कुठल्याच सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर नसतं: लाइट. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की शिरोलीला दोन मिनिटं लाइट जाते आणि येते. राउटर आपोआप चालू होतो, मशीन बंदच राहतं. बायोसमध्ये जाऊन वीज परत आल्यावर काय करायचं ती सेटिंग शोधा. नाव प्रत्येक बोर्डावर वेगळं असतं, पण त्यात एसी आणि पॉवर हे शब्द असतात. ती चालूवर ठेवा. मशीनला यूपीएस असेल आणि राउटर व फायबरच्या डब्याला नसेल, तर त्या यूपीएसचा तुम्हाला घरून काही फायदा नाही; तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. उबुंटूचं आपोआप झोपणं बंद करा, झोपलेलं मशीन पिंगलाही उत्तर देत नाही. आणि डिस्कला एन्क्रिप्शन लावलं असेल तर रीस्टार्टनंतर ते पासवर्डसाठी थांबून राहतं, तोपर्यंत ना व्हीपीएन ना एसएसएच. त्याला ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरचा उपाय आहे. तुमच्याकडे एन्क्रिप्शन असेल तर कळवा, वेगळं लिहीन.

हे नुसतं सोयीचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीकडचा रस्ता बंद झाला. तुमचं घर नदीच्या या बाजूला, मशीन त्या बाजूला. लाइट आणि फायबर टिकले तर अशा दिवसांत घरून काम होईल. न टिकले तर नाही. म्हणून चालू कामाच्या फाइलींची एक प्रत रोज रात्री आरसिंकनं शहराच्या बाजूला येऊ द्या, मालक परवानगी देत असतील तर.

सगळं लावून झालं की ऑफिसातून निघण्याआधी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि जोडून बघा. मग मशीन मुद्दाम रीस्टार्ट करा, कीबोर्डला हात न लावता, आणि पुन्हा जोडा. मग मेन स्विच बंद करून चालू करा, अर्थात रन चालू नसताना, आणि तिसऱ्यांदा जोडा. यूपीएस असेल तर त्याचंही बटण बंद करा, नाहीतर ही परीक्षा झालीच नाही. तिन्ही वेळा डेस्कटॉप आला तरच घरी जा.

आणि उबुंटू इतक्यात बदलू नका. एक्सआरडीपी एक्सवर उभं आहे आणि मोठी डिस्ट्रिब्युशनं एक्स सोडून वेलँडकडे निघालीत. उबुंटूच्या २५.१० मधून ग्नोमचं एक्सवरचं सेशन गेलंय, रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा सर्व्हरच काढलाय. एक्सएफसीई असल्यानं तुमचं गाडं उबुंटूवर बराच काळ चालेल, शिवाय २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. पुढच्या आवृत्तीवर जायचंच झालं तर आधी एखाद्या जुन्या मशीनवर टाकून ग्नोमचं रिमोट लॉगइन महिनाभर वापरून बघा, आणि मगच शिरोलीच्या मशीनला हात लावा.